साठ्यांच्या ओट्याखालचं पाणी

चारुदत्त साठ्यांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरातलं पाणी बाहेर काढायची नोकरी केली. शहराच्या सांडपाणी खात्यात ते इंजिनिअर होते. मिसिसागात कुठल्या रस्त्याखालून कुठला पाइप जातो, कुठला ओढा बुजवून त्यावर मॉल उभा राहिला, हे त्यांना तोंडपाठ होतं. मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी चुकून "आमच्या बेसमेंटमध्ये ओल येते हो" असं म्हणालं, की साठ्ये हातातली प्लेट खाली ठेवून पेपर नॅपकिनवर उतार काढायला बसत. "पाणी लबाडी करत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "उतार शोधा, पाणी सापडेल." समोरचा माणूस मान डोलवत असे, कारण त्याला सुटका नसे, आणि सुनंदाबाई मागून म्हणत, "अहो, जेवू द्या त्यांना."

अशा माणसाच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात फरशीखाली पाणी साचावं आणि ते कुठून येतं हे त्यालाच कळू नये, यासारखी दुसरी नामुष्की नाही. पण त्या फेब्रुवारीत साठ्यांना नामुष्कीचं वाईट वाटून घ्यायलाही सवड नव्हती. गुरुवारपर्यंत ते पाणी थांबलं नाही, तर सुनंदाबाई हॉस्पिटलमधून घरी येणार नव्हत्या.

पाणी साचत होतं ते धुराच्या नळीत. ही नळी साठ्यांनी स्वतः बसवून घेतली होती. एक्याण्णव साली त्यांनी स्वयंपाकघर वाढवलं. वाढवलेल्या भागाखाली बेसमेंट नाही, जमिनीवर काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर फरशी. त्याच सुमाराला त्यांची मुलगी गौरांगी शाळेतून रडत घरी आली होती. वर्गातल्या कुणीतरी तिच्या कोटाला नाक लावून "तुमच्या घरी रोज काय जळतं?" असं विचारलं होतं. जळत काही नव्हतं, हिंगाची फोडणी होती. सुनंदाबाई फोडणी सोडणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि साठ्ये त्यांना सोडायला सांगणाऱ्यातले नव्हते. त्यांनी खोलीच्या मधोमध ओटा घातला, गॅसच्या शेजारी जाळी, जाळीखाली पंखा, आणि पंख्यापासून एक जाड नळी स्लॅबच्या खालून नेऊन मागच्या भिंतीबाहेर, जमिनीलगतच्या एका खडी घातलेल्या खड्ड्यात काढली. मोहरी तडतडली की धूर वर जायच्या ऐवजी खाली ओढला जाई. पाहुणे आले की साठ्ये मुद्दाम पंखा लावून दाखवत, "बघा, चालला पाताळात." तीस-पस्तीस वर्षं त्या नळीने निमूटपणे हिंग गिळला. बाहेर त्या खड्ड्यापाशी ऊबदार हवा येई, म्हणून ऐन जानेवारीतही तिथे ताटाएवढ्या जागेत बर्फ धरत नसे. उन्हाळ्यात सुनंदाबाई तुळशीची कुंडी तिथेच ठेवत आणि देवाचं पाणी तिथेच ओतत.

देवाचं पाणी सिंकमध्ये जायचं नाही, हा सुनंदाबाईंचा नियम होता. देवांच्या आंघोळीचं पाणी खरकट्याच्या नळीतून गटारात सोडायचं म्हणजे काय! साठ्ये आयुष्यभर गटारांच्या बाजूचे, पण या बाबतीत त्यांनी कधी वाद घातला नाही. पूजा हा त्यांचा प्रांतच नव्हता. रोज सकाळी ते खुर्चीत पेपर वाचत बसत आणि पलीकडे सुनंदाबाईंची घंटा वाजे, इतकाच त्यांचा देवाशी संबंध.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंना श्वास पुरेना, म्हणून ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. फुप्फुसं दोन वर्षांपासून कडक होत चालली होतीच, त्यात न्यूमोनिया झाला. पाच आठवड्यांनी न्यूमोनिया गेला, फुप्फुसं तशीच राहिली. डॉक्टरीणबाईंनी साठ्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आता औषधाने काही उलटणार नाही, ऑक्सिजन कायमचा, उन्हाळा मिळाला तर मिळाला. साठ्यांनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि पार्किंगमध्ये येऊन गाडीत बसून राहिले. खिडकीच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या तेव्हा त्यांनी गाडी सुरू केली.

सुनंदाबाईंचं एकच मागणं होतं. "मला घरी न्या," त्या म्हणाल्या. "जे व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे."

साठ्ये हो म्हणाले. त्यात अवघड असं काही त्यांना दिसलं नाही.

घर बघायला हॉस्पिटलतर्फे सलोनी नावाची बाई आली. मूळची इंदूरची, मराठी तिला कळत असे, पण बोलताना गाडी हिंदीवर जाई. तिने जिने बघितले, वॉशरूम बघितली, ऑक्सिजनचं मशीन कुठे ठेवायचं ते ठरवलं. गॅस बंद, विजेची शेगडी चालेल, असं बजावलं. सगळं मनासारखं चाललं होतं. मग ती स्वयंपाकघरात आली आणि दारातच थांबली.

"अंकल, ये बास कैसी है?"

साठ्यांना तो कुबट वास दोन-तीन आठवडे येत होता. चहा करताना सवयीने पंखा लावला की ओट्याखालून हुक्क्यासारखी गुडगुड येई, तीही त्यांनी ऐकली होती. पण एकटा माणूस दिवसातले आठ तास हॉस्पिटलात बसतो, त्याने घरातल्या आवाजांकडे कधी बघायचं? सलोनीने वाकून ओट्याच्या खालची लाकडी फळी बोटाने दाबली. ती मऊ लागली. फळीच्या मागे काळ्या बुरशीचे ठिपके पार जाळीपर्यंत चढले होते. तिने पिशवीतून ओल मोजायचं छोटं यंत्र काढून फळीला लावलं, त्याचा दिवा लालभडक झाला.

"आंटी के लंग्ज़ के लिए ये ज़हर है," ती म्हणाली. तिला हे बोलायला आवडत नव्हतं, हे साठ्यांना दिसत होतं. पुढच्या शुक्रवारी हॉस्पिटलचा बेड सोडायचाच होता. गुरुवारी ती पुन्हा येणार होती. तोवर घर कोरडं झालं नाही तर सुनंदाबाईंना नर्सिंग होममध्ये हलवावं लागेल, आणि जागा रिकामी होती ती दोन तासांवरच्या एका गावात.

दोन तास म्हणजे हायवे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून साठ्ये हायवेवर गाडी नेत नसत, बर्फात तर नाहीच. तिथे कुणाला मराठी येणार नव्हतं, सुनंदाबाईंच्या ताटात काय पडलं असतं देव जाणे, आणि साठ्यांना भेट घडली असती ती गौरांगीला तिच्या किचनर गावाहून येऊन न्यायला जमेल तेव्हा. उन्हाळा मिळाला तर मिळाला, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. मग जे काही उरलं होतं ते असं संपणार होतं.

साठ्ये पाण्याच्या मागे लागले.

जाळी काढून त्यांनी व्हॅक्यूमची नळी आत सोडली आणि पाणी उपसलं. पहिल्या दिवशी चार बादल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाणी होतंच. त्यांनी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोजचे लिटर लिहायला सुरुवात केली, जुनी सवय. गुरुवारी नऊ, शुक्रवारी दहा. बाहेर उणे पंधरा होतं. छपरावरचं बर्फ वितळत नव्हतं, जमीन दगडासारखी गोठलेली होती. मग पाणी आलं कुठून? घरातला पाण्याचा पाइप फुटला असेल म्हणून त्यांनी रात्रीच मेन व्हॉल्व्ह बंद केला. आंघोळीला आणि पूजेला लागेल तेवढं पाणी बादल्यांत आधीच भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मीटरचा काटा हलला नाही, आणि नळीत पाणी मात्र आलं. साठ्ये फरशीवर मांडी घालून त्या काळ्या भोकात बघत बसले. साठ वर्षांचा अभ्यास आणि अनुभव, आणि एका वीतभर नळीने त्यांना वेडं करून सोडलं होतं.

मग त्यांनी सिंकमध्ये खायचा लाल रंग ओतला. शनिवारी नळीतल्या पाण्याला खरंच किंचित लालसर झाक आली. साठ्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हॉस्पिटलात फोन करून सुनंदाबाईंना "सापडलं!" असं सांगून टाकलं. दुप्पट पैसे मोजून प्लंबर बोलावला, सिंकखालचं सगळं उघडलं. सगळे सांधे ठणठणीत कोरडे होते. प्लंबर गेला तेव्हा सिंकही वापरता येईना, कारण त्याच्याकडचा एक सुटा भाग सोमवारशिवाय मिळणार नव्हता.

गौरांगी रविवारी आली. ती किचनरला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर आहे आणि अडचण दिसली की यादी करते. तिने स्वयंपाकघरात उलटंपालटं पडलेलं सामान बघितलं, आणि बापाकडे बघितलं. चार दिवस दाढी नाही, गुडघ्यांवर फरशीची माती.

"बाबा, be realistic," ती म्हणाली. "तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात. आईला चोवीस तास care लागणार आहे. ही leak fix झाली तरी पुढे काय? मी त्या जागेला yes म्हणते. Temporarily."

"तात्पुरतं म्हणजे किती? तिच्याकडे तात्पुरतंच उरलंय."

"I know that, बाबा. माझी आई आहे ती."

गौरांगीने डोळे पुसले, सामान जागेवर लावलं, डाळ-भाताचे डबे करून फ्रिजमध्ये ठेवले. जाताना हॉलमधल्या कढीपत्त्याकडे बघून म्हणाली, "याला काय झालं?" सुनंदाबाईंनी कुंडीत वाढवलेला तो पुरुषभर उंचीचा कढीपत्ता खिडकीपाशी उभा होता. सगळी पानं झडली होती. साठ्ये म्हणाले, "ऊन मिळत नाही हिवाळ्यात." दर हिवाळ्यात त्याला एवढंच ऊन मिळायचं, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आता पूजेचं सांगायला हवं. सुनंदाबाईंना ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना त्या तोंडावरचा मास्क बाजूला करून म्हणाल्या होत्या, "देव उपाशी ठेवू नका." म्हणून दुसऱ्या दिवसापासून साठ्ये पूजेला बसले. त्यांना येत काय होतं? देवरुखला लहानपणी वडिलांनी घोकून घेतलेला रुद्र, बस. तो मात्र एका अक्षराला न अडखळता आला, आणि त्यांना स्वतःलाच रडू फुटलं. त्यांच्या आईच्या देवांतला शंकराचा छोटा बाण ताम्हणात ठेवून त्यावर तांब्याभर पाण्याची धार धरायची आणि रुद्र म्हणायचा, असा त्यांनी नेम धरला. सुनंदा घरी येईपर्यंत एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही. देवाला थंडी वाजू नये म्हणून पाणी कोमट घ्यायचं. सुनंदाबाईंची प्रकृती बिघडून त्यांना आयसीयूत हलवलं, त्या दिवशी एका तांब्याचे अकरा झाले. त्या आयसीयूतून बाहेर आल्या, मग अकराचे पुन्हा एक करायची कुणाची छाती? सलोनी येऊन गेल्यावर शनिवारपासून संध्याकाळचेही अकरा सुरू झाले. नास्तिकासारखं आयुष्य काढलेला माणूस एकदा देवाच्या दारात गेला की तो वाटेल ते करतो. साठ्ये तर त्यातही मोजूनमापून करत होते. पूजा झाली की बूट आणि जाड पार्का कोट चढवून, अंगणातलं बर्फ फावड्याने बाजूला सारून ते बादली बाहेर नेत आणि भिंतीलगतच्या त्या बिनबर्फाच्या जागेत ओतत. पाणी लगेच जिरून जाई. घरात कुणी रांधत नव्हतं, नळीतून ऊब येत नव्हती, तरी तिथे बर्फ धरत नव्हता. साठ्यांना ती देवाची कृपा वाटे. हात जोडून ते आत येत आणि व्हॅक्यूम लावून नळी उपसायला बसत.

सोमवारी अनिश आला. नळ्यांत कॅमेरा घालून बघायचा त्याचा धंदा होता. मूळचा सांगलीचा, चाळिशीतला, वीस वर्षांपूर्वी कॉलेजला आला आणि इथलाच झाला. मंडळाच्या गणपतीत साठ्यांनी त्यालाही एकदा नॅपकिनवर उतार शिकवला होता. तो त्याने आजवर जपून ठेवलाय, असं त्याने आल्याआल्या सांगितलं. साठ्यांना हसू आलं नाही.

"वरून जाळीचं तोंडच बंद करून टाकू का?" साठ्यांनी विचारलं. "गुरुवारपर्यंत निभावलं तरी पुरे."

"नाही काका. पाणी येत राहिलं तर ते कोंडून स्लॅबमधनं वर झिरपणार. आधी कुठनं येतंय ते बघू की."

अनिशने जाळीतून वायर आत सोडली. तिच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा. ओट्यावर ठेवलेल्या छोट्या पडद्यावर नळीचं पोट दिसू लागलं. आधी गढूळ पाणी, मग तीस वर्षांचं फोडणीचं काळं तेल. एका जागी अनिशने बोट ठेवलं. "इथं स्लॅब बसलाय काका. तुमचा उतार बाहेरच्या बाजूला होता न्हवं? आता उलटा झालाय. बाहेर पडलेलं सगळं आत येतंय." साठ्ये पुढे वाकले. बाहेर पडलेलं म्हणजे काय? बाहेर तर दगड झालाय सगळ्याचा.

वायर पुढे सरकली. नळीच्या भिंतीला काहीतरी चिकटलेलं दिसलं. तीन पाकळ्यांचं, सुकून काळपट झालेलं. अनिश थांबला, त्याने कॅमेरा जवळ नेला. शेजारी तांदळाचे दाणे होते, थोडे लालसर. पुढे आणखी तसंच एक पान, मग चार-पाच एकत्र, आणि त्यांच्या पलीकडे खडीतून येणारा उजेड.

"काका," अनिश हळूच म्हणाला, "हे बेलाचं पान आहे."

साठ्यांनी पडद्याकडे बघितलं. देवरुखहून पाकिटातून आलेली, रोज बाणावर वाहिलेली बेलाची सुकी पानं. कुंकू लावलेल्या अक्षता. पाण्याला आलेली लाल झाक सिंकची नव्हती. मग त्यांची नजर फ्रिजवरच्या कॅलेंडरकडे गेली. नऊ, दहा, आणि शनिवारपासून एकोणीस, वीस. त्यांच्याच अक्षरातले आकडे. जमिनीतलं पाणी, छपरावरचं, नळाचं, वाफेचं, शेजाऱ्याचं, सगळी पाणी त्यांनी तपासली होती. बादलीतलं तपासलं नव्हतं. ते पाणी आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही, ते देवाचं होतं. आणि ते कोमट होतं, म्हणून तिथे बर्फ धरत नव्हता. बायको घरी यावी म्हणून हा माणूस रोज बावीस तांबे पाणी तिच्या वाटेत ओतत होता, आणि पाणी वाढलं की घाबरून आणखी ओतत होता.

ते जवळच्या स्टुलावर बसले. "माझ्या हाताने," एवढंच म्हणाले, आणि त्यांचे खांदे गदगदू लागले. अनिश बापड्याला काय करावं कळेना. तो वायर गुंडाळत राहिला, मग वायर ठेवून त्याने काकांच्या पाठीवर हात ठेवला.

संध्याकाळी साठ्यांनी हॉस्पिटलात फोन लावला. नर्सने सुनंदाबाईंच्या कानाशी धरला.

"अगं, देवाचं पाणी तू कुठे ओतायचीस?"

"का हो?"

"सांग तर."

"कढीपत्त्याला." मध्ये श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "दुसरं कुठे?"

"बाहेर, त्या नळीपाशी..."

"ते उन्हाळ्यात. तुळस बाहेर असते तेव्हा." पुन्हा श्वास. "बर्फात कोण जाईल? मरायला? रोज तुमच्या खुर्चीमागूनच तर जायचे तांब्या घेऊन. तुम्ही पेपर उचलून धरायचात, मला जाऊ द्यायला."

साठ्यांना ते आठवलं. रोज सकाळी, घंटा वाजून गेल्यावर, पेपर उचलायचा आणि पुन्हा खाली घ्यायचा. मागून जाणाऱ्या बाईच्या हातात काय आहे, हे त्यांनी पन्नास वर्षांत एकदाही मान वळवून बघितलं नव्हतं.

त्यांनी सगळं सांगितलं. बेलाच्या पानापर्यंत. पलीकडे ऑक्सिजनची सूसू ऐकू येत होती.

"बावीस तांबे?" सुनंदाबाई म्हणाल्या.

"हो."

"माझ्यासाठी?"

"मग आणखी कुणासाठी?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या आणि हसल्या. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेना, नर्सने फोन काढून घेतला. साठ्ये बंद फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.

सोमवारी रात्रीच अनिशने नळी धुऊन पुसून काढली, बाहेरचं तोंड सिमेंटने बंद केलं, खड्डा झाकला. ओट्याखालच्या कुजलेल्या फळ्या उचकटून टाकल्या, बुरशी खरवडली, तीन मोठे पंखे लावून दिले. ते पंखे मंगळवार-बुधवार अहोरात्र गर्जत होते. साठ्ये त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसत, जणू नजर हटली तर पाणी परत येईल. मंगळवारी सकाळी ते पूजेला बसले. नेम मोडवेना आणि पाणी ओतवेना. शेवटी त्यांनी पळीने मोजून अकरा पळ्या पाणी घेतलं. "एवढ्यात भागवून घे," ते बाणाला म्हणाले. ते वाटीभर पाणी त्यांनी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. माती इतकी वाळली होती की पाणी वरच तरंगत राहिलं.

गुरुवारी सलोनीने यंत्र काढलं. फरशीवर हिरवा दिवा. भिंतीला हिरवा. ओट्याच्या कडेला लावलं, तर पिवळा. तिने दुसऱ्या जागी लावलं, पुन्हा पिवळा. बोलण्यासारखं सगळं बोलून झालं होतं आणि रडून झालं होतं. साठ्ये फक्त हात मागे बांधून उभे राहिले, मार्कशीट घ्यायला आलेल्या मुलासारखे.

"ये अभी सूखा नहीं है, अंकल."

"नाही."

सलोनीने ओटा, पंखे, कॅलेंडरवरचे आकडे बघितले. मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य, गुरुवारी शून्य. "पाणी आलं कुठून, कळलं का?" तिने विचारलं, चक्क मराठीत.

साठ्यांनी सांगितलं. खोटं बोलून भागलं असतं, पण त्यांनी खरं ते सांगितलं. सलोनी ऐकत राहिली आणि एकदा खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघून आली. मग तिने कागदावर 'घर वाळत आहे, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवावं' अशा अर्थाचं लिहिलं आणि सही केली. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा मोजायला येणार होती.

शुक्रवारी दुपारी सुनंदाबाई घरी आल्या. गौरांगीने त्यांना आधार देऊन आत आणलं आणि साठ्यांच्या खुर्चीत बसवलं, कारण मशीनची नळी तिथवर नीट पोहोचत होती. त्यांनी दम खाल्ला, घर बघितलं, देव बघितले. मग मागे हात नेऊन कढीपत्त्याच्या कुंडीत बोट खुपसलं. खोडाची साल नखाने खरवडून बघितली. आत तपकिरी होतं. आणखी खाली खरवडलं, तिथेही तपकिरी.

"मेला हा," त्या म्हणाल्या.

"मला वाटलं, ऊन कमी पडतंय."

"पाणी कमी पडलं." त्यांनी नखातली माती पदराला पुसली. साठ्ये कुंडी उचलून बाहेर न्यायला वाकले, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. उद्याचं पाणी कुठे ओताल?"

शनिवारी सकाळी साठ्यांनी पूजा केली. अकरा पळ्या, जास्त नाही. घंटा वाजवली, पाणी तांब्यात घेतलं आणि ते हॉलमध्ये आले. खुर्ची आणि भिंत यांच्यामध्ये जायला तेवढीच वाट होती, आणि तिच्यातून ऑक्सिजनची नळी आडवी पडली होती. सुनंदाबाई मान मागे टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडता नळी हाताने वर उचलून धरली, आणि साठ्ये तांब्या घेऊन मागून गेले.